बाथरूममध्ये सागाचं फ्लोअरिंग: ढाळापासून तेलापर्यंत

नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण ज्या पाटावर बसून अभ्यंगस्नान करतो, तो पाट एकदा उलटा करून बघा. खाली दोन आडवे पाय असतात, त्यामुळे पाणी पाटाखालून निघून जातं आणि वारा फिरतो. आंघोळी आटोपल्या की पाट भिंतीला उभा राहतो आणि दुपारपर्यंत दोन्ही बाजूंनी वाळतो. आमच्याकडचा फणसाचा पाट आजीच्या वेळचा आहे. तेल, उटणं, कढत पाणी, सगळं पचवून तो आजही सपाट आहे.

त्याच घरात मी पहिल्यांदा बाथरूमला लाकडी फ्लोअरिंग करून घेतलं, ते मात्र दुसऱ्या पावसाळ्यात गेलं. लाकूड अस्सल सागाचं होतं. पट्ट्या प्लायवर साध्या लोखंडी खिळ्यांनी ठोकलेल्या आणि वरून चकचकीत पॉलिश. बेसिनपाशी पाय ठेवला की मऊ लागायला लागलं, म्हणून एक पट्टी पटाशीने उचकटली. वरचं पॉलिश शाबूत होतं. खालची बाजू काळी पडलेली, कुबट वास, आणि प्रत्येक खिळ्याभोवती शाई सांडल्यासारखं काळं वर्तुळ. सागातल्या टॅनिनची ओल्या लोखंडाशी गाठ पडली की हे वर्तुळ उमटतंच. फटींतून आत गेलेल्या पाण्याला वरून पॉलिशने आणि खालून प्लायने कोंडलं होतं. पाटाला जे मिळतं, ते त्या पट्ट्यांना मिळालं नव्हतं: वाळायला वाट.

पुढचं सगळं काम या एका गोष्टीभोवती फिरतं. पाणी लाकडापर्यंत पोचणारच, असं धरून चला आणि ते लवकर निघून कसं जाईल ते बघा.

आधी बाथरूमचे दोन भाग करा

आपल्याकडची बाथरूम सगळीकडून भिजते. बादली-तांब्याने आंघोळ असो की शॉवर, पाणी दारापर्यंत येतं आणि मग वायपरने ओढलं जातं. अशा बाथरूममध्ये भिंतीपासून भिंतीपर्यंत लाकूड चिकटवू नका. आंघोळीची जागा आणि बेसिन-कमोडची जागा काचेच्या पार्टिशनने वेगळी करता येत असेल, तरच पुढे जा. बाथरूम चार बाय पाच फुटांची असेल, घरात पाच माणसं असतील आणि सकाळी ती दोन तास सतत ओली राहत असेल, तर लाकडी रेषांच्या पोर्सलेन टाइल्स लावा. त्या ०.५ टक्क्याहूनही कमी पाणी शोषतात. हवं तर आंघोळीच्या जागी सागाचा सुटा पाट ठेवा. पायाला लाकूड लागतं आणि जिवाला घोर राहत नाही.

दोन भाग करता आले तर वाटणी अशी: कोरड्या भागात सागाच्या पट्ट्या खाली चिकटवायच्या, ओल्या भागात टाइल घालून तिच्यावर सागाच्या पट्ट्यांचे पाट नुसते ठेवायचे, म्हणजे ते उचलता येतात.

कमोड भिंतीवर टांगलेला असेल तर सोनं. जमिनीवरचा असेल तर त्याच्या बुडाखाली लाकूड घेऊ नका. तिथे ग्रॅनाइटचा किंवा टाइलचा तुकडा ठेवा आणि लाकूड त्याच्या कडेला थांबवा. कमोडच्या बुडाशी पाणी झिरपलं तर महिनोन्‌महिने कळत नाही. खालच्या लाकडाला कळतं.

फ्लॅट असेल तर तोडफोड सुरू करण्याआधी सोसायटीला लेखी कळवा, आणि खालच्या मजल्यावर स्वतः जाऊन सांगून या. पुढे पाणी भरून चाचणी घ्यायची आहे, तेव्हा त्यांच्या छताकडे बघायला त्यांच्याच घरात जावं लागणार आहे.

लाकूड कोणतं आणि किती

बाजारात लॅमिनेट फ्लोअरिंग ‘वॉटरप्रूफ’ म्हणून दाखवतात. त्याचा गाभा दाबलेल्या लाकडी भुशाचा असतो. कडेतून पाणी शिरलं की तो फुगतो आणि पुन्हा बसत नाही. आंबा, रबरवुड, पाइन यांच्याही वाटेला जाऊ नका. इंजिनिअर्ड वुड, म्हणजे प्लायच्या पायावर खऱ्या लाकडाचा थर, घ्यायचंच असेल तर त्याचा पाया आयएस ७१० मानकाच्या मरीन प्लायचा आहे का, ते विचारून घ्या.

माझं मत सागाच्या बाजूने आहे, आणि तेही गाभ्याच्या सागाच्या. सागात नैसर्गिक तेल असतं, वाळवी आणि बुरशी त्याला सहसा लागत नाही, आणि ओल-ऊन सोसताना तो इतर लाकडांपेक्षा कमी हलतो. मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ मध्ये सागाचं बांधलेलं ‘त्रिंकोमाली’ हे जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. पण हे गुण गाभ्याचे. खोडाच्या बाहेरच्या थरातलं पांढरट-पिवळं लाकूड वाळवी आनंदाने खाते. वखारीत फळी उलटीपालटी करून बघा. सोनेरी-तपकिरी रंगाशेजारी फिकी कड दिसली तर तेवढी कापून टाकायला सांगा आणि मोजमाप ती कड सोडून धरा.

वखारवाला ‘सीपी’ म्हणेल. जुन्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेसचं, म्हणजे आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडचं आणि मध्य प्रदेशातलं हे लाकूड. बल्लारशा, आलापल्लीचा साग तो हाच. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतून येणारा लागवडीचा साग स्वस्त पडतो. तो लवकर वाढलेल्या कोवळ्या झाडांचा असतो आणि त्यात पांढरं लाकूड जास्त निघतं. बाथरूमसाठी लाकूड मुळात थोडंच लागतं, तेव्हा इथे हात आखडू नका.

किती लागेल ते बघू. कोरडा भाग चार बाय पाच, म्हणजे २० चौरस फूट धरा. तयार पट्टी २० मिमी जाड हवी, त्यासाठी एक इंची फळी लागते. २० ला १२ ने भागलं की १.६७ घनफूट. रंधा, कापाकापी आणि पांढरी कड यांत पाव हिस्सा जातो, म्हणून सव्वादोन घनफूट सांगा. ओल्या भागातल्या पाटांचं लाकूड वेगळं.

फळी निवडताना तिच्या टोकाकडे बघायला विसरू नका. टोकावर वर्तुळांच्या रेषा उभ्या दिसल्या तर ती फळी रुंदीत कमी फुगते. रेषा आडव्या झोपलेल्या असतील तर जवळजवळ दुप्पट फुगते. १०० मिमी रुंदीची आडव्या रेषांची सागाची फळी, तिचा ओलावा १० टक्क्यांवरून १६ वर गेला की साधारण १ मिमीने वाढते. उभ्या रेषांची अर्धा-पाऊण मिमीने. आकडा किरकोळ वाटतो, पण अशा बारा फळ्या शेजारी शेजारी घट्ट बसवल्या तर पावसाळ्यात सेंटिमीटरभर जागा आणायची कुठून? मग जमीन मधोमध उचलते. यासाठीच रुंद फळ्यांचा मोह सोडा आणि ६० मिमीच्या पट्ट्या कापून घ्या.

कोणत्या महिन्यात

पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवेतली आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली जाते आणि जुलैत ८० च्या वर. लाकूड हवेशी जुळवून घेतच राहतं. ऐन उन्हाळ्यात बसवलेलं लाकूड पावसाळ्यात फुगून एकमेकांना ढकलतं, भर पावसात बसवलेलं उन्हाळ्यात आकसून फटी दाखवतं. ऑक्टोबर अखेर ते डिसेंबर हा मधला काळ गाठा. मग तोडफोड आणि वॉटरप्रूफिंग गणपतीच्या आसपास उरकायला हवं, कारण खालचा थर वाळायला वेळ लागतो. कोकणात आणि मुंबईत चढउतार कमी, पण हवा कायम दमट. तिथे लाकडापेक्षा स्क्रूची आणि पंख्याची काळजी जास्त.

खालचा थर, आणि इथे घाई नको

लाकडाच्या गप्पा सगळे मारतात, पण बाथरूम बिघडते ती खालून. गवंड्याबरोबर उभं राहून करून घ्यायचं काम हेच.

जुनी फरशी काढून तळ साफ झाला की भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यात सिमेंटची गोलाई करून घ्या. गवंडी तिला वाटा म्हणतात. काटकोनी कोपऱ्यात वॉटरप्रूफिंगचा थर चिरतो, वाट्यावर तो सलग बसतो. पाइप जिथे जमिनीतून वर येतात तिथे, आणि नहाणी ट्रॅपच्या (जमिनीतून पाणी बाहेर जायच्या जागेच्या) तोंडाभोवती, आधी फटी हाताने नीट भरून घ्या. मग सिमेंट आणि अॅक्रिलिक पॉलिमरचं दोन भागांचं कोटिंग: पहिला हात उभा, तो सुकल्यावर दुसरा आडवा. हे कोटिंग कोरड्या भागात भिंतीवर फूटभर आणि शॉवरच्या बाजूला सहा फूट चढवा. दाराच्या उंबऱ्यावरही घ्या. उंबरा हमखास राहतो आणि पाणी बेडरूमच्या भिंतीत शिरतं.

कोटिंग पुरतं सुकलं की ट्रॅपचं तोंड बंद करून दोन-तीन इंच पाणी भरा. पाण्याची पातळी भिंतीवर पेन्सिलने आखून ठेवा. ४८ तास हात लावू नका. रेघेखाली किंचित उतरलं तर ते हवेत उडालेलं असेल. बोटभर उतरलं तर गळती आहे. दोन्ही दिवशी खालच्या घरी जाऊन छत आणि पाइपाचा कोपरा हात लावून बघा. गवंडी म्हणेल, ‘चोवीस तास बास झाले.’ ऐकू नका. ही चाचणी नापास झाली तर आज कोटिंगचा डबा जातो. लाकूड बसल्यावर नापास झाली तर सगळंच जातं.

चाचणी पास झाली की वर सिमेंट-वाळूचा १:४ चा थर आणि त्यातच ढाळ. कोरड्या भागाला मीटरला १ सेंटिमीटर, ओल्या भागाला मीटरला सव्वा सेंटिमीटर, दोन्ही नहाणी ट्रॅपच्या दिशेने. जागा असेल तर कोरड्या भागाला वेगळा ट्रॅप द्या. ‘लाकूड बसवायचंय, तर जमीन सपाट हवी’ असं सुतार सांगेल. बाथरूममध्ये ढाळ हवाच, आणि पट्ट्या ढाळावर छान बसतात. सपाट म्हणजे खळगे-उंचवटे नकोत: दोन मीटरचा पाटा (गवंड्याची सरळ पट्टी) फिरवला की त्याच्याखाली ३ मिमीपेक्षा जास्त फट दिसता कामा नये.

पातळ्या इथेच ठरतात. ओल्या भागातली टाइल कोरड्या भागातल्या तयार लाकडापेक्षा ५० मिमी खाली ठेवा. तिच्यावर येणारा पाट ४८ मिमी उंच होणार आहे, म्हणजे काचेच्या दाराच्या दोन्ही बाजूंना पाय एकाच पातळीत पडतो. घरात वयस्कर माणूस असेल तर याचं मोल मोठं आहे. दोन्हींच्या मध्ये ग्रॅनाइटची किंवा कडप्प्याची पट्टी घाला आणि लाकूड तिच्या अलीकडे थांबवा.

हा थर सात दिवस पाणी मारून पिकवायचा आणि मग वाळू द्यायचा. इंचभर जाडीला महिना, असं धरा. वाळला की नाही हे डोळ्यांना कळत नाही. दोन फूट चौरस जाड प्लास्टिक जमिनीवर पसरून चारही कडा टेपने घट्ट चिकटवा आणि दोन दिवसांनी उचला. प्लास्टिकला आतून थेंब चिकटले असतील किंवा खालचं सिमेंट गडद दिसत असेल, तर अजून थांबा. कोरडं निघालं की दोन भागांच्या इपॉक्सी प्रायमरचा हात द्या.

जुनी टाइल तशीच ठेवून वर लाकूड चिकटवता येतं का, असं पुष्कळजण विचारतात. खालच्या घरात कधीच ओल आलेली नसेल, ढाळ बरोबर असेल आणि नाण्याने ठोकून एकही टाइल पोकळ वाजत नसेल, तर येतं. ग्राइंडरने टाइलची चमक मात्र काढून टाकावी लागते.

लाकूड घरात मुरू द्या

पट्ट्या कापून, रंधून घरी आणल्या की लगेच बसवू नका. बाथरूमशेजारच्या खोलीत, दोन थरांमध्ये बारीक रिपा घालून, चारही बाजूंनी वारा लागेल अशा रचा. गॅलरीत नको, उन्हात नको. दोन आठवडे ठेवा.

ओलावा मोजायचं यंत्र सुताराकडे नसेल तर स्वयंपाकघरात मोजता येतो. एका पट्टीच्या मधल्या भागातून छोटा तुकडा कापा आणि वजनकाट्यावर तोला. ओव्हनमध्ये १०३ अंशांच्या आसपास ठेवा. तासातासाने तोला आणि वजन उतरायचं थांबेपर्यंत चालू ठेवा. ११२ ग्रॅमचा तुकडा १०० वर येऊन थांबला, तर ओलावा १२ टक्के होता. पुण्यासारख्या ठिकाणी १० ते १२ टक्के चांगला. मुंबई-कोकणात १४ पर्यंत चालेल. १८ आला तर लाकूड नीट वाळवलेलंच नाही, ते परत करा.

कोरडा भाग: चिकटवणं आणि सांधे

आधी सगळ्या पट्ट्या चिकटवल्याशिवाय मांडून बघा. लांबी ढाळाच्या दिशेने ठेवा, म्हणजे सांध्यांवर आलेलं पाणीही खालीच वाहतं. भिंतींपासून चारही बाजूंनी १० मिमी जागा सोडा. पट्ट्यांमध्ये ४ मिमी. त्यासाठी ४ मिमी प्लायचे तुकडे कापून मध्ये घालायचे. शेजारशेजारच्या ओळींमध्ये टोकांचे जोड किमान फूटभर मागेपुढे हवेत. शेवटची पट्टी अगदीच बारीक उरत असेल तर पहिली आणि शेवटची दोन्ही सारख्या कापा. डोळ्याला बरं दिसतं आणि बारीक पट्टी उचकटतही नाही. सगळं जमलं की मागे पेन्सिलने नंबर घाला आणि उचलून ठेवा.

पट्ट्यांच्या टोकांना पातळ इपॉक्सीचे दोन हात द्या. लाकूड पाणी सगळ्यात जास्त टोकांतून पितं. खालच्या बाजूला आणि लांब कडांना मात्र इपॉक्सी लावू नका. तिथे चिकट आणि सीलंट उघड्या लाकडालाच धरतात.

ज्या तेलामुळे साग टिकतो, तेच तेल चिकटाला आड येतं. म्हणून चिकटवण्याच्या आधी प्रत्येक पट्टीची खालची बाजू आणि कडा अॅसिटोनने पुसायच्या. पांढऱ्या फडक्यावर अॅसिटोन घ्या आणि एकाच दिशेने पुसा. फडकं हळदीच्या दुधासारखं पिवळट होतं. ते घडी बदलून पुन्हा पुसा, पिवळेपणा कमी होतो. चांगल्या सागाच्या पट्टीला तीनदा पुसावं लागलं तर नवल नाही. पुसल्यावर तासाभराच्या आत चिकटवा, कारण आतलं तेल पुन्हा वर येतं. खिडकी उघडी ठेवा, आणि गॅस गिझर, निरांजन, अगरबत्ती, काही म्हणजे काही पेटलेलं जवळपास नको.

चिकट म्हणजे सुतारकामाचा नेहमीचा पांढरा गोंद नव्हे, तो पाण्याने सुटतो. लाकडी फ्लोअरिंगसाठी मिळणारा पॉलियुरेथेन किंवा एमएस पॉलिमरचा चिकट घ्या. तो वाळल्यावरही रबरासारखा लवचीक राहतो, त्यामुळे लाकूड थोडं हललं तरी सुटत नाही. २० चौरस फुटांना दोन-अडीच किलो लागतो. दातेरी थापीने जमिनीवर पसरा, एका वेळी तीन-चार पट्ट्यांपुरताच. पट्टी ठेवा, किंचित मागेपुढे सरकवून दाबा. पहिल्या दोन-तीन पट्ट्यांनंतर एक पुन्हा उचलून बघा: खालच्या बाजूला चिकट सगळीकडे लागलेला दिसला पाहिजे. मध्ये कोरडे डाग असतील तर उद्या तिथेच पाणी साचेल. थापीचे मोठे दाते घ्या आणि पुन्हा करा. सगळं बसलं की प्लास्टिक पसरून टाइल्सची खोकी, वाळूच्या पिशव्या, जे जड असेल ते ठेवा आणि एक दिवस त्या खोलीत पाऊल टाकू नका.

मग सांधे. जहाजाच्या डेकवर सागाच्या पट्ट्यांमध्ये काळ्या रेषा दिसतात ना, त्या शोभेच्या नसतात. तो लवचीक सीलंट असतो आणि पट्टी फुगली की तो दबतो, आकसली की ताणला जातो. पॉलिसल्फाइडचा किंवा डेकसाठीचा सीलंट मागा. ४ मिमीच्या सांध्यात आधी फोमची बारीक दोरी पटाशीच्या बोथट बाजूने दाबून खाली बसवा, वर ५ ते ६ मिमी खोली उरली पाहिजे. या दोरीमुळे सीलंट दोन्ही कडांनाच धरतो, तळाला धरत नाही. तिन्ही बाजूंनी धरला तर त्याला ताणता येत नाही आणि पहिल्याच उन्हाळ्यात एका कडेने सुटतो. कडांना प्रायमर, मग टेप, मग सीलंट जरा वर येईल इतका भरून पुट्टीच्या पात्याने तिरका ओढा. भिंतीलगतच्या १० मिमी जागेतही हेच, तिथे दोरी जाड घ्या. साताठ दिवस वाळू द्या.

ओला भाग: उचलता येणारे पाट

इथलं काम सोपं आहे आणि घरी, दोन रविवारांत होतं. पट्ट्या ४५ मिमी रुंद, २० मिमी जाड, मध्ये ८ मिमी अंतर. अशा ११ पट्ट्यांचा पाट ५७५ मिमी रुंद होतो, दोन फुटांना जरा कमी. खाली ३० मिमी रुंद, २५ मिमी उंच अशा तीन रिपा. पाट ठेवताना रिपा ढाळाच्या दिशेने आल्या पाहिजेत. आडव्या आल्या तर त्या बांध घालतात आणि पाणी मागे तुंबतं.

स्क्रू खालून मारा: ३५ मिमी लांब, स्टेनलेस स्टीलचे, रिपेतून पट्टीत. वरून एकही डोकं दिसत नाही आणि पायाला लागत नाही. गावाकडे, पुण्या-नाशकात ३०४ ग्रेड पुरे. रत्नागिरी, मालवण, गोवा, मुंबई, जिथे हवेत खार आहे, तिथे ३१६ घ्या. आधी बारीक भोक पाडल्याशिवाय स्क्रू मारू नका, साग टोकाशी पटकन चिरतो. पट्ट्यांच्या वरच्या कडा पॉलिश पेपरने गोल करा. रिपांखाली ३ मिमी जाडीचे रबरी तुकडे चिकटवा. एका पाटाचं वजन पाच किलोच्या आसपास येतं, घरातलं कोणीही उचलू शकेल इतकं. यापेक्षा मोठा पाट करू नका. मोठा पाट महिनोन्‌महिने उचलला जात नाही, आणि खाली केसांचा, साबणाचा गाळ साचून ट्रॅप तुंबतो.

घासणं आणि तेल

८० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात, मग १२०, मग १५०. त्यापुढे जाऊ नका, फार गुळगुळीत सागावर ओला पाय घसरतो. तोंडाला मास्क हवाच. सागाची धूळ घशाला आणि त्वचेला झोंबते.

चकचकीत पॉलिश आणि पीयूचा (पॉलियुरेथेनचा) जाड थर मी बाथरूमच्या जमिनीवर देत नाही. तो सुंदर दिसतो, पण कुठेतरी सूक्ष्म तडा जातो, पाणी खाली शिरतं आणि अडकतं. मग पापुद्रे, आणि पुन्हा सगळं घासणं. तेल लाकडात मुरतं, ओलावा त्यातून बाहेर पडू शकतो, आणि जिथे झिजलं तिथेच पुन्हा लावता येतं. टंग ऑइलच्या आधाराचं किंवा डेकसाठीचं तेल घ्या. घरातलं कच्चं जवसाचं तेल नको, ते वाळायला फार वेळ घेतं आणि त्याच्यावर बुरशी धरते.

फडक्याने पातळ लावा, पंधरा-वीस मिनिटं मुरू द्या, मग कोरड्या फडक्याने वरचं सगळं पुसून काढा. दुसऱ्या दिवशी दुसरा हात, तिसऱ्या दिवशी तिसरा. पाटांना उलटसुलट सगळीकडून लावा, विशेषतः टोकांना. चिकटवलेल्या जमिनीला वरूनच. शेवटच्या हातानंतर आठवडाभर पाणी लागू देऊ नका.

एक गोष्ट जिवाची आहे, म्हणून वेगळी सांगतो. तेलाने भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. वाळणारं तेल उष्णता सोडतं आणि बोळ्यात ती कोंडली की फडकं आपोआप पेटतं. फडकी पाण्याच्या बादलीत बुडवा किंवा दोरीवर मोकळी पसरून कडक होईपर्यंत वाळवा.

वारा आणि निगा

पंख्याशिवाय हे सगळं करू नका. पाच बाय आठ बाय आठ फुटांच्या बाथरूमसाठी सहा इंची एक्झॉस्ट पुरतो, पण आंघोळीनंतर तो किमान वीस मिनिटं चालू राहायला हवा. दाराखाली बोटभर फट ठेवा, नाहीतर पंखा ओढणार कुठून?

कोरड्या भागावर पडलेलं पाणी जाता जाता फडक्याने टिपायची सवय घरात सगळ्यांना लावा, मुलांनासुद्धा. साफसफाई पातळ केलेल्या सौम्य साबणाने. टॉयलेट धुण्याचं अॅसिड आणि ब्लीच लाकडावर उडू देऊ नका. घरी काम करणाऱ्या मावशींना हे पहिल्याच दिवशी नीट समजावून सांगा आणि वेगळं फडकं देऊन ठेवा. बोअरचं पाणी असेल तर पांढरे डाग धरतात. ते ओले असतानाच पुसले तर राहत नाहीत.

पाट आठवड्यातून एकदा उचलून खालची टाइल आणि ट्रॅप धुवायचे, पाट भिंतीला उभे करून पंख्यात वाळवायचे. दिवाळीत उटण्याची हळद लागली तर घाबरू नका, धुऊन पाट उन्हात ठेवा. उन्हात हळदीचा रंग उडतो.

दसऱ्याच्या सुमाराला, पावसाळा सरला की, जमिनीवर चार ठिकाणी पाण्याचे थेंब टाकून बघा. थेंब मण्यासारखे उभे राहिले तर तेल अजून आहे. पाच मिनिटांत आत शिरून लाकूड गडद झालं तर तिथे १५० नंबरचा हलका हात फिरवून पुन्हा एक हात तेल. बेसिनसमोरची जागा दर वर्षी मागते, दाराजवळची दोन वर्षांनी.

एखादी पट्टी काळवंडली, तर सगळी जमीन उखडायची गरज नाही. दोन्ही बाजूंचा सीलंट धारदार सुरीने कापा, पट्टी मधोमध लांबीत चिरा आणि पटाशीने दोन्ही अर्धुके आतल्या बाजूला उचला. खालचा चिकट खरवडा, जमीन कोरडी आहे का ते प्लास्टिक लावून बघा. ओल असेल तर आधी तिचं मूळ शोधा, मगच नवी पट्टी. त्यासाठी पहिल्याच खेपेला त्याच लाकडाच्या तीन-चार पट्ट्या जास्त कापून ठेवा, टोकांना इपॉक्सी लावून, मागे महिना आणि वर्ष लिहून, माळ्यावर आडव्या.